तात्यांच्या मोटारीचं पहिलं इंजिन

पदमपुरा, औरंगाबाद
५ एप्रिल १९८२

चि. बन्सी,

आशीर्वाद. इकडचं क्षेमकुशल विचारशील तर ऊन तापलंय, नळाला दिवसाआड पाणी येतं, माझे गुडघे धरलेत आणि मोहियोद्दीन मिस्त्री गेले चार दिवस सकाळपासून दिवे लागेपर्यंत चौकीतल्या बाकावर बसून आहे. पहिल्या तीन गोष्टींचा दोष मी तुला देत नाही.

तुझी तक्रार फौजदारांनी मला वाचून दाखवली. ‘सदर इसमाने आमच्या वृद्ध वडिलांच्या भोळेपणाचा गैरफायदा घेऊन मोटारीचे मूळ इंजिन लांबविले व त्या जागी टॅक्सीचे भंगार इंजिन बसविले.’ सदर इसम! लहानपणी ज्याच्या मांडीवर बसून तू हॉर्न दाबायचास आणि उतरवलं की भोकाड पसरायचास, तो सदर इसम. आणि भोळे कोण, तर तात्या! ज्यांनी सबंध गंगापूर तालुक्याला भावकीच्या भांडणात पाणी पाजलं ते तात्यासाहेब भोळे! बन्सी, खोटं लिहायचं तर निदान पटेल असं तरी लिहावं.

तात्या गेले त्याला वर्ष व्हायचंय. तेराव्याला आलास, जेवलास, संध्याकाळच्या गाडीनं परत गेलास. मोटारीवरची ताडपत्री उचलून बघायचीसुद्धा तुला तेव्हा सवड नव्हती. आता पुण्यातल्या तुझ्या त्या जुन्या मोटारींच्या मंडळानं सांगितलं की अशा एमजी मोटारी मुलखात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्यात, तर लगेच फोटो काढायला माणूस धाडलास. त्यानं बॉनेट उघडलं, आत ॲम्बेसिडरचं इंजिन बघितलं आणि अंगावर पाल पडल्यासारखा किंचाळला. मी तिथंच होते. मला हसू आवरेना. हसले ते चुकलंच माझं म्हणायचं, कारण त्यानंतर आठवड्यात तुझी तक्रार आली.

आता नीट ऐक. इंजिन बदललं ते तात्यांच्या हुकमानं. माझ्या डोळ्यांदेखत. बहात्तरच्या दुष्काळात पहिलं इंजिन निघालं आणि मोटार वर्षभर दगडांवर उभी राहिली. ते का निघालं, त्यात तू पडू नकोस. तात्यांना चैन पडेना. पोलीस ॲक्शननंतर छावणीतला तो फौजी कप्तान मुलूख सोडून निघाला तेव्हा त्याच्याकडून हौसेनं घेतलेली ती दोन माणसांची मोटार. गंगापुरातली पोरं तिला टोळ म्हणायची. तात्या रोज सकाळी जाऊन तिच्या सीटवर नुसते बसायचे आणि तिथंच चहा मागवायचे.

मग मिस्त्रीला दौलताबादच्या घाटात उलटलेली एक टॅक्सी मिळाली. तिचं इंजिन मोठं आणि ताकदीचं. पण नुसतं इंजिन घेऊन भागेना. जुना गिअरबॉक्स त्याला जुळेना, म्हणून टॅक्सीचा गिअरबॉक्स घेतला. तो आला म्हणून तिचाच मागं जाणारा शाफ्ट, आणि शाफ्ट आला म्हणून मागच्या आसाचं अख्खं हाउसिंग चाकांसकट. नवरी आणली की पाठराखीण येते, पाठराखिणीमागं तिचं पोर येतं, तसं. मागची चाकं मडगार्डच्या बाहेर चार बोटं आली. बॉनेट लागेना, मिस्त्रीनं पत्रा कापून उंच केलं. दिसायला मोटार विचित्र झाली हे मी कबूल करते. तात्या म्हणाले, ‘‘दिसायचं काय घिऊन बसलीस? मी तरी कुठं देखणा हाय!’’

आणि पहिल्या दिवशी काय झालं माहीत आहे? या मोटारीच्या स्प्रिंगा टॅक्सीसारख्या नाहीत, हाउसिंग सरळ बसेना. मिस्त्रीनं ते पालथं घालून बसवलं. झकास बसलं. तात्या ऐटीत स्टिअरिंगला, शेजारी मी. त्यांनी पहिला गिअर टाकला, क्लच सोडला आणि मोटार जी मागं सुटली ती थेट मिस्त्रीच्या अंगणातल्या हौदाला भिडली. सगीराभाभी धुणं टाकून पळाली. हाउसिंग पालथं घातलं की चाकं उलटी फिरतात, हे त्या तीन आठवड्यांत कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. पुढं जायला एक गिअर आणि मागं जायला चार! मिस्त्री कपाळाला हात लावून म्हणाला, ‘‘तात्यासाब, ये तो उल्टीच चल रई!’’ तात्या हसून हसून खोकायला लागले. म्हणाले, ‘‘ऱ्हाऊ दे मोहियोद्दीन. आमच्या घरात उलटं चालणारं आधीच एक हाय.’’

कुणाबद्दल म्हणाले ते तुला कळलं असेल.

पुढं मिस्त्रीनं सगळं खोलून नीट केलं. तात्या शेवटपर्यंत तीच मोटार घेऊन वेरूळला दर सोमवारी दर्शनाला जायचे. नव्या गिअरचा दांडा स्टिअरिंगला होता, पण घाट लागला की त्यांचा हात सवयीनं खाली जायचा आणि माझ्या गुडघ्याला लागायचा. आठ वर्षं लागत होता.

हा तुझा चोर. चौकीत त्याला एकच विचारतात, पहिलं इंजिन कुठं आहे? तो एकच सांगतो, ‘‘तात्यासाब जहाँ बोले वहाँ दिया. जगा नै बतातूं. जबान दियाय मैं उनकू.’’ फौजदार मला म्हणाले, बाई, तुम्हाला माहीत असेल तर तुम्ही तरी सांगा. मला माहीत आहे. मीही सांगितलं नाही. ते इंजिन चालू आहे, कुणाच्या तरी पोटाला लागलंय आणि तिथून ते हललं तर त्या माणसाचं उभं पीक जळेल. याहून जास्त तुला कळायची गरज नाही.

तुझं मला आलेलं पत्र चार पानी आहे. त्यात इंजिनाचा नंबर तीनदा आलाय. साळूची चौकशी एका ओळीत नाही. हो, साळू. तुझी लग्नाची बायको, जिला तू इथं टाकून गेलास आणि ‘ती माहेरी निघून गेली’ असं सगळ्यांना सांगत फिरलास. पुण्याच्या घरात जी कोण आहे तिच्याशी माझं भांडण नाही, तिलाही तू हेच सांगितलं असशील. पण हा या पत्राचा विषय नाही. लेखणी घसरली.

तक्रार मागं घे. मिस्त्री साठीला आलाय. त्याचं गॅरेज बंद आहे आणि रोशन गेटला, त्याच्या मोहल्ल्यात, लोक नको ते बोलायला लागलेत.

तुझी
आक्का

●

पदमपुरा, औरंगाबाद
१३ एप्रिल १९८२

चि. बन्सी,

आशीर्वाद. तुझी तार पोचली. ‘आधी इंजिन, मग तक्रार.’ आईनं तुला व्यवहार शिकवला नाही अशी मला उगीच खंत वाटायची. चांगलाच शिकलास.

तुझ्या मनासारखं झालं. इंजिन आलंय.

शुक्रवारी सगीराभाभी माझ्याकडं येऊन रडली. फारूखचं, तिच्या मुलाचं लग्न जमत आलं होतं, ते मुलीकडच्यांनी लांबणीवर टाकलं. रडताना तिनं मला एका शब्दानं दोष दिला नाही, त्यानंच मला जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी मी एसटीनं गंगापूर गाठलं, तिथून जीपमध्ये कोंबून घेतलं स्वतःला आणि जिच्या विहिरीवर ते इंजिन होतं तिला सगळं सांगितलं. ती उसाला पाणी देत होती. सगळं ऐकून घेतलं, चालत इंजिनापाशी गेली आणि बंद केलं. मला म्हणाली, ‘‘आधी का नाय सांगितलं? त्यो मानूस माझ्यापायी चौकीत बसलाय अन् मी हितं पानी धरतीय व्हय!’’

काल दुपारी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ते चौकीच्या अंगणात उतरलं. स्वतः घेऊन आली. फौजदारांना म्हणाली, ‘‘सायेब, हे घ्या. मिस्त्रीला सोडा. दुष्काळात माझी बैलं गुरांच्या छावणीत मेली, मोट बंद पडली. तवा तात्यासायेबांनी आपल्या हातानं मोटारीतनं काढून हे माझ्या हिरीवर बशिवलं. चोरी-बिरी काय नाय.’’

मिस्त्री घरी गेला. फौजदारांनी इंजिन मात्र चौकीत ठेवून घेतलंय. तक्रारदारानं येऊन ओळखलं की ते त्याच्या ताब्यात, असं म्हणतात.

आता मी तुझ्यापुढं पदर पसरते, आणि मला त्याची चीड येते तरी पसरते. तिथं एकरभर ऊस उभा आहे, कांदा आहे, मिरची आहे. विजेचे खांब गावापर्यंत आलेत, मळ्यापर्यंत नाहीत. या उन्हात पाणी तुटलं तर काय होतं हे तुला सांगावं लागू नये, तू शेतकऱ्याच्या पोटी जन्मलास. ये, ओळख पटव आणि लिहून दे की इंजिन तिच्याकडंच राहू दे. तुझी मोटार मोठ्या इंजिनावर छान चालते. बक्षीस मिळणार नाही. न मिळू दे.

एक मात्र कर. माणूस धाडू नकोस. तू स्वतः ये. त्या बाईलाही तुझ्यासमोर हजर राहायला सांगितलंय. एवढं माझं ऐक.

तुझी
आक्का

●

पदमपुरा, औरंगाबाद
२ मे १९८२

बन्सी,

तू आलास आणि गेलास. घरी पाण्याचा घोटसुद्धा न घेता गेलास, त्याबद्दल मी काही म्हणत नाही. गेले दोन आठवडे तुला लिहायला बसते आणि चार ओळी लिहून रागानं कागद फाडते. आज लिहून टाकते. तू काय करून गेलास ते तुला कळलंच नाही, म्हणून सांगायला हवं.

चौकीत लिंबाखाली पोत्यावर ते इंजिन ठेवलं होतं. तिनं ते रॉकेलनं पुसून, जुन्या लुगड्यात गुंडाळून आणलं होतं. तू आलास, काळा चष्मा काढलास आणि त्याच्यापाशी उकिडवा बसलास. लुगडं बाजूला केलंस. खिशातला पांढरा रुमाल काढून नंबराची पट्टी पुसलीस, वाचलीस, हातातल्या कागदाशी ताडून पुन्हा वाचलीस. तुझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी पाहिलं बन्सी. आई गेली त्या वेळेला मी ते शोधत होते, तेव्हा सापडलं नव्हतं.

मग तू हवालदाराला विचारलंस, ‘हे आणलं कुणी?’ त्यानं बोट दाखवलं. ती भिंतीपाशी उभी होती, तुझ्यापासून चार हातांवर. तू वळलास. तिच्याकडं बघितलंस. म्हणालास, ‘मावशी, बरं सांभाळलंत हो. ऑइल वेळेवर बदलत होता?’

ती म्हणाली, ‘‘व्हय.’’

‘आणि चालवत कशावर होता?’

‘‘पेट्रोलवर चालू करायचं. तापलं की रॉकेल.’’

मग रॉकेलनं व्हॉल्व्ह कसे खराब होतात ते तू तिला समजावून सांगितलंस. बराच वेळ सांगितलंस. ती ऐकत होती. मी मधे पडले, उसाचं बोलले, तर तू घड्याळ बघितलंस आणि म्हणालास, ‘आक्का, भावनेच्या भरात असली दुर्मीळ वस्तू विहिरीवर ठेवतात का?’

ती मावशी म्हणजे साळू होती.

तुझी बायको साळू. ती तुझ्याहून सहा वर्षांनी लहान आहे. उन्हानं रापली आहे, हात राठ झालेत, समोरचा एक दात पडलाय. पण उभी राहायची ढब तीच, आवाज तोच. चौकीत परक्या पुरुषांत उभं राहताना कुठलीही बाई डोक्यावरचा पदर पुढं ओढते. तू आत आलास तेव्हा तिनं तो मागं सारला होता. कशासाठी, ते मी तिला विचारलं नाही. तुलाही सांगायला नको.

आता सगळंच सांगते. ती माहेरी गेलीच नव्हती. भावांनी दारातून परत पाठवली. तात्यांनी गोदेकडचा चार एकर मळा तिच्या नावावर करून दिला आणि म्हणाले, ‘‘सून म्हणून ऱ्हा, नायतर लेक म्हणून ऱ्हा. पर मान खाली घालून ऱ्हाऊ नगंस.’’ तिनंही एकच अट घातली. तिचा ठावठिकाणा तुला कळता कामा नये. तू दया करायला आलास तर तिला नको होतं, आणि मळा विकायला आलास तर आम्हाला. म्हणून तात्यांची जबान, मिस्त्रीची जबान, माझी जबान. एका माणसानं ती चौकीच्या बाकावर बसून पाळली. इंजिन चौकीत आणलं तेव्हा साळू मला म्हणाली होती, ‘‘वन्सं, त्येंना माझं नाव कळवू नगा. समोर आल्यावर वळखलं तर वळखतील.’’ म्हणून मी तुला स्वतः ये म्हणून लिहिलं. मला वाटलं होतं तू बघशील, ओशाळशील, निदान मान तरी खाली घालशील. एवढीच आशा केली होती मी तुझ्याकडून. मूर्ख मी.

तिथून तू इथं आलास आणि मिस्त्रीला फर्मान सोडलंस, ‘हे टॅक्सीचं भंगार आधी मोटारीतून काढा. ट्रकमध्ये नको मला.’ ज्याला तू चोर ठरवलंस त्याच्याच हातून काढवलंस. त्यानं पाना उचलला. इंजिन, गिअरबॉक्स, शाफ्ट, हाउसिंग, सगळं खोलून अंगणात मांडलं. तू पोकळ मोटार आणि पहिलं इंजिन ट्रकमध्ये चढवून निघून गेलास. आता पुण्यात ते दोन्ही पुन्हा एक होतील. खुशाल होवोत.

ट्रक गेला तसा मिस्त्री उठला. म्हणाला, ‘‘आपा, ये भंगार किसका हुआ अब?’’ मी म्हटलं, ‘‘माझ्या भावानं टाकून दिलेलं सगळं माझं.’’ म्हणाला, ‘‘तो चलो मळ्याकू.’’ फारूखनं टेम्पो आणला. त्या दोघांनी दगडी ओट्यावर लाकडी ओंडके रोवून त्यावर मोठं इंजिन बसवलं आणि जुन्या पंपाला जोडलं. पाणी तुटून आठ-दहा दिवस झाले होते. कांदा गेला. मिरची अर्धी गेली. ऊस वाचला. नव्या इंजिनाचा जोर जास्त आहे, पाण्याची धार बाजूच्या पाटात पडायला लागली. साळूला पाट दुरुस्त करावा लागला.

ती कुदळ घेऊन पाटात उभी होती. मी काठावर बसले होते. तीच आधी बोलली. ‘‘नंबर वाचताना त्येंच्या डोळ्यात पानी आलं वन्सं. मला वाटलं, आता मन हाललंय, आता वर बघत्याल.’’ मग पुन्हा कुदळ मारायला लागली. थोड्या वेळानं म्हणाली, ‘‘बरंच झालं म्हना. मनात लई दिस एक गाठ व्हती, की येकदा समोरासमोर झालं की कायतरी व्हईल. झालं. आता कळवा त्येंना, माझी काय हरकत नाय.’’

ती रडली नाही. मी रडले, आणि दुःखानं नाही, संतापानं.

तर कळवलं. ती मोटार तू रॅलीत नेशील, लोक बॉनेट उघडून नंबर बघतील आणि विचारतील, इतकी वर्षं कुठं होतं हे? तेव्हा काय सांगायचं ते तुझं तू ठरव. साळूच्या दाराशी मात्र आता जाऊ नकोस. क्षमा मागायलासुद्धा नाही. ती ‘या’ म्हणेल, तिचा स्वभाव तसा आहे. म्हणून मी सांगते, जाऊ नकोस.

वैशाखात तात्यांचं वर्षश्राद्ध आहे. भटजींनी विचारलं, मुलाला कळवलं का? मी सांगितलं, मुलगा येणार नाही. पान साळू वाढेल, पिंड मी ठेवीन. शास्त्रात बसतं का ते मी त्यांना विचारलं नाही. मोहियोद्दीन आणि सगीराभाभी जेवायला आहेत. तू येऊ नकोस.

साळूची नणंद,
आशा